शिष्यवृत्ती आणि वास्तव्याचा पुरावा
(नेर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या नेरमध्ये आज आपण जमलो आहोत, ते नेर 1950 साली मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे गाव द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले व 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले. येथल्या माणसाने आपले घर न सोडता तीन राज्ये पाहिली. राज्य बदलले म्हणून त्याला कोणी परका ठरविले नाही. सरहद्द माणसावरून गेली तर चालते. पोटासाठी माणूस सरहद्दीवरून गेला, की मात्र त्याच्या मुलाचे शिक्षण अडते. आज मला बोलायचे आहे ते या विसंगतीविषयी.

आपल्या जिल्ह्याला लागून तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे. तिकडून मजुरीसाठी नेरला आलेले एक बंजारा कुटुंब डोळ्यांपुढे आणा. मूल सहा वर्षांचे असताना येथल्या शाळेत पहिलीत बसले आणि अठराव्या वर्षी बारावी झाले. बारा वर्षे ते मराठीत शिकले. आता महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी अधिवासाचा दाखला हवा. बाहेर जन्मलेल्याला त्यासाठी सामान्यतः 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. येथे तीन वर्षे कमी पडतात. ती भरेपर्यंत मुलाने काय करावे?

पुढे जातीचा दाखला. तेलंगणात लंबाडा ही अनुसूचित जमात आहे, कर्नाटकात बंजारा अनुसूचित जातींत आहेत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. येथे विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब 21 नोव्हेंबर 1961 रोजी महाराष्ट्रात राहत होते, हे सिद्ध करावे लागते. ज्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरले, त्यांच्याकडे ठरावीक दिवशीच्या मुक्कामाचा पुरावा मागितला जातो! तेलंगणाकडे वळावे, तर तेथेही 1974 च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून प्रवेशासाठी 'स्थानिक' ठरण्यास सलग चार वर्षांचे शिक्षण वा वास्तव्य लागते. मूल दोन्ही राज्यांचे असून कोणत्याच राज्याचे उरत नाही.

न्यायालयासमोर हा प्रश्न आलेला आहे. आंध्रातील अनुसूचित जमातीच्या, पण मुंबईत शिकलेल्या एका विद्यार्थ्याला सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा नाकारली गेली. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार ग्राह्य धरला. मागासलेपण त्या त्या राज्याच्या परिस्थितीशी बांधलेले असते, असा त्याचा आधार होता. मात्र स्थलांतरितांची अडचण लक्षात घेऊन संसदेने योग्य कायद्याचा विचार करावा, असेही न्यायालयाने म्हटले. त्या वाक्याची आठवण देण्याचे काम आपले आहे.

आपल्यातील काही साथी विचारतील, बाहेरच्यांना वाट मोकळी केली तर येथल्या तांड्यावरच्या मुलांचा वाटा जाणार नाही काय? ही शंका खोटी नाही. खोट्या दाखल्यांनी आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून राखीव जागा आणि शिष्यवृत्ती यांत आपण भेद केला पाहिजे. राखीव जागा मोजक्या असतात. एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते. तेथे कसोटी कडक असावी. शिष्यवृत्तीचे तसे नाही. तिची रक्कम वाढविणे शासनाच्या हाती आहे, आणि ती न वाढविता गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करणे हे राज्यकर्त्यांचे जुनेच कसब आहे.

परदेशातला एक दाखला देतो. झांबियात जन्मलेली एक मुलगी 2001 मध्ये वयाच्या सहाव्या वर्षी ब्रिटनला आली, तेथेच शिकली. तरीही कायम वास्तव्याचा दर्जा नाही म्हणून तिला उच्च शिक्षणाचे सरकारी कर्ज नाकारले गेले. 2015 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वास्तव्याची अट मान्य केली, पण तिच्यासारखीला दर्जाच्या कारणावरून सरसकट वगळणे अन्यायाचे ठरविले. तेथे परदेशातून आलेल्या मुलीचा प्रश्न होता. आपल्या घटनेने तर प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काची किंमत मुलाच्या शिक्षणाने का मोजावी?

आपली मागणी साधी असावी. ज्याने राज्यातील शाळेतून दहावी व बारावी केली, त्याची शाळेची नोंद हाच शिष्यवृत्तीपुरता वास्तव्याचा पुरावा मानावा. तो समाज दोन्ही राज्यांत मागास मानलेला असेल, तर 1961 ची तारीख शिष्यवृत्तीच्या आड येऊ नये. आणि आपले जे मजूर बाहेरच्या राज्यांत जातात, त्यांच्या मुलांसाठीही तेथे हाच न्याय मागावा.

या जिल्ह्याने वसंतराव नाईकांच्या रूपाने 1963 ते 1975 या काळात तांड्यातून आलेला मुख्यमंत्री दिला. येथल्या तहसील कचेरीतून एखादे मूल दाखल्यावाचून परत जात असेल, तर त्याच्याबरोबर पुन्हा आत जाणे हे आपल्या कार्यकर्त्याचे काम आहे. प्रत्येक गावात अशा मुलांची यादी करा. मोर्चा त्या यादीसह निघाला पाहिजे.