विजेची करवत आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी उद्योग विभागातर्फे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी बालसंगोपनावर. यंदा करवतीवर बोलण्याची पाळी माझ्यावर आली आहे. आपल्या उद्योग विभागात तसबिरींच्या चौकटी होऊ लागल्यापासून विजेवर चालणाऱ्या त्या मायटर सॉबद्दल दोन तऱ्हेच्या भगिनी मला दिसतात. काही जणी तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. काही जणी तिला घरच्या विळीसारखी समजतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्यांची, कारण मी त्यांतलीच एक होते.

एके दिवशी पट्टी कापून झाली, मी बटण सोडले आणि पाते थांबायच्या आतच शेजारी पडलेला बोटभर तुकडा उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात तो तुकडा पात्याला लागून उडाला आणि मनगटावर बसला. दोन बांगड्या वाढल्या. बोटे वाचली ती नशिबाने, माझ्या शहाणपणाने नव्हे.

आपल्या करवतीचे पाते १० इंचांचे आहे आणि ते मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते. हिशेब केला तर दातांचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर भरतो. बटण सोडल्यावरही ते काही क्षण फिरतच असते. एवढ्या वेगापुढे आपली चपळाई काय कामाची? तिथे सवयच उपयोगी पडते.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी बांगड्या काढून ठेवाव्या, मंगळसूत्र आत घ्यावे, वेणी वर बांधावी, पदर कमरेला घट्ट खोचावा. ओढणी तर नकोच. हातमोजेही घालू नयेत. ते हात राखतील असे वाटते, पण दातात मोज्याचे टोक अडकले तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षक आणि नाकावर मुखपट्टी मात्र हवीच. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नमूद केले आहे.

कापताना पट्टी खालच्या बैठकीला आणि मागच्या उभ्या टेकणपट्टीला घट्ट लावावी. शक्य असेल तर शिकंजाने आवळावी. हात पात्यापासून निदान ६ इंच दूर ठेवावा आणि पात्याच्या पुढून एका हातावर दुसरा हात कधीही नेऊ नये. पाते पूर्ण वेगात आल्यावरच सावकाश खाली आणावे. काप पूर्ण झाला की पाते खालीच ठेवून बटण सोडावे, ते थांबल्यावर वर उचलावे आणि मगच तुकड्याला हात लावावा. आखूड तुकडा हातात धरून कापू नये. लांब पट्टीतूनच तो काढावा. पात्यावरचे झाकण आपोआप सरकते. ते अडचण करते म्हणून दोरीने बांधून ठेवणे म्हणजे चुलीपुढे मूल बसवून पाणी भरायला जाण्यासारखे आहे.

आता जुळवणी. एका चौकटीत ४५ अंशांचे आठ काप असतात. प्रत्येक काप अर्धाच अंश चुकला, तरी चौथ्या कोपऱ्याशी येईपर्यंत ती चूक ४ अंशांची होते आणि तिथे फट दिसते. आपण ती भुशाने आणि सरसाने बुजवतो, पण गिऱ्हाइकाला ती दिसल्याशिवाय राहत नाही. म्हणून यंत्रावरच्या खुणेवर डोळे मिटून विसंबू नये. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे ४५ अंशांवर कापून जोडावे व गुण्या लावून पाहावे. पाते बैठकीशी काटकोनात आहे का, तेही गुण्यानेच पाहावे. मात्र गुण्या पात्याच्या सपाट अंगाला टेकवावा, दातांना नव्हे, कारण दात अंगापेक्षा किंचित बाहेर असतात.

निगेचे म्हणाल, तर काप जळका येऊ लागला की पाते बोथट झाले असे लगेच समजू नये. पुष्कळदा दातांवर लाकडाचा चीक बसलेला असतो. पाते काढून साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावे, जुन्या दातांच्या ब्रशने घासावे आणि कोरडे करून बसवावे. बहुतेक यंत्रांत पात्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की तो सुटतो. बसवताना पात्यावरचा बाण यंत्रावरच्या बाणाशी जुळला पाहिजे. चौकटीच्या सफाईदार कापाला ६० ते ८० दातांचे पाते चांगले.

पण गुण्या लावण्यापूर्वी, पाते काढण्यापूर्वी, नुसता भुसा झाडण्यापूर्वीसुद्धा प्लग काढावा. यंत्र बॅटरीवरचे असेल तर बॅटरी काढावी. बटण बंद आहे एवढ्यावर भागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, इजेचा धोका असेल तर चालू यंत्राची सफाई, तेलपाणी वा जुळवणी स्त्रीकडून करवून घेऊ नये, असे कलम होते. मला वाटते, ते काम पुरुषानेही करू नये. धोका यंत्र चालू असण्यात असतो, हात बाईचा असण्यात नसतो.

तेव्हा भगिनींनो, ज्या भितात त्यांनी पुढे यावे आणि ज्या भीत नाहीत त्यांनी थोडे थांबावे. पुढच्या आठवड्यापासून करवतीच्या भिंतीवर एक खुंटी असेल. तिथे आपल्या बांगड्या अडकवाव्या, काम करावे, आणि घरी जाताना त्या दहाही बोटांनी परत भराव्या, एवढीच माझी विनंती आहे.