फुप्फुसातील गुठळी आणि न उच्चारलेला शब्द
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आरती-मंत्रपुष्पांजलीनंतर लगेच कर्करोगाचा विषय म्हणजे प्रसादात कडू गोळी. पण विषय तुम्हीच माझ्यावर सोपवलात!

आपल्या घरांत या आजाराचं नाव घेत नाहीत. रात्री पेशंटला दम लागतो, इमर्जन्सीत आणतात आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगतात, "पोटाचं छोटं ऑपरेशन झालंय." पेशंटच्या कानावर तो शब्द पडू नये म्हणून. पण त्या एका शब्दानं डॉक्टरचा विचार बदलतो, कारण कर्करोगात रक्त लवकर गोठतं. गाठीतून रक्त गोठवणारे घटक सुटतात, काही केमोथेरपीनं त्यात भर पडते आणि पडून राहिल्यानं पायांतलं रक्त संथ होतं. तिथली गुठळी सुटली, की हृदयातून जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते.

ही ओळख जुनी आहे. पॅरिसच्या डॉ. आर्मां त्रूसो यांनी १८६५मध्ये आपल्या व्याख्यानात हा संबंध मांडला. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी दिसताच त्यांनी आपल्याला कर्करोग असल्याचं ओळखलं. १८६७मध्ये ते गेले.

नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, गुठळी झाली म्हणजे आता संपलंच ना?" नाही. गुठळी मोठी असेल, रक्तदाब उतरला असेल, तर पहिले काही तास फार धोक्याचे. ते पार पडले, की पुढचं आयुष्य मुख्यतः कर्करोग कुठला आणि किती पसरलेला, यावर ठरतं. २००३मध्ये ६७६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीच्या गोळ्यांवर सहा महिन्यांत सुमारे १७ टक्क्यांना पुन्हा गुठळी झाली, हेपरिनच्या एका प्रकारच्या इंजेक्शनवर ९ टक्क्यांना. मृत्यू मात्र दोन्हीकडे साधारण सारखेच, ४० टक्क्यांच्या आसपास, आणि बहुतेक कर्करोगानेच. म्हणजे हे औषध कर्करोग बरा करत नाही. गुठळीनं माणूस जाऊ नये आणि मूळ उपचाराला वेळ मिळावा, एवढंच त्याचं काम. माझ्या मते ते थोडं नाही.

आता नव्या गोळ्याही आहेत. जठर-आतड्याच्या कर्करोगात त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो, म्हणून निवड डॉक्टरवर सोडा. औषध निदान तीन ते सहा महिने लागतं, कर्करोग सक्रिय असेल तर पुढेही. टोचून टोचून पोट निळं पडतं, मग मुलं कळवळून घरच्या घरी बंद करतात. तसं करू नका. शौच काळी झाली तर मात्र लगेच फोन करा.

एक पाय सुजला, दुखला, तर तेल लावून चोळत बसू नका. अचानक धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त, चक्कर यांना "केमोचा अशक्तपणा" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. फाइलच्या वरच एक कागद ठेवा: कर्करोग कुठला, शेवटची केमो कधी, रक्त पातळ करायचं औषध कोणतं. पेशंटसमोर बोलवत नसेल, तर तो कागद न बोलता डॉक्टरच्या हातात द्या.