खानखोजे यांची स्पॅनिश



मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या चित्रकारानं १९२०च्या दशकात मोठमोठी चित्रं रंगवली. त्यांतल्या एका चित्रात कष्टकरी माणसं टेबलाभोवती जेवायला बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला एक जण भाकरी मोडतो आहे. तो माणूस मेक्सिकन नाही. ते आहेत वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

परंड्याच्या श्रोत्यांपुढे स्पॅनिश भाषेचा विषय मांडायचा, तर सुरुवात खानखोजे यांच्यापासूनच करायला हवी. परक्या मुलखात राहायला गेलेल्या माणसानं तिथली भाषा किती आपलीशी करावी, याचं इतकं भरीव मराठी उदाहरण दुसरं सापडणं कठीण आहे.

लोकमान्य टिळकांना मानणारा हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडला. जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. तिथं शेतीशास्त्र शिकला आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर चळवळीतही उतरला. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढला. पुढं बर्लिन, मॉस्को असा प्रवास करत १९२४ मध्ये मेक्सिकोला आला. तेव्हा वय चाळिशीच्या आसपास होतं. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशी परतायची सोय नव्हती. रामोन दे नेग्री हे सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे वाणिज्यदूत होते, तेव्हापासून खानखोजे यांची त्यांच्याशी ओळख होती. तेच दे नेग्री मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले, आणि ती ओळख उपयोगी पडली. खानखोजे यांना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायचं काम मिळालं.

आता अडचण भाषेची होती. पदव्या इंग्रजीतून मिळालेल्या, समोरचे विद्यार्थी मात्र स्पॅनिश बोलणारे. त्यातली बरीच खेड्यापाड्यांतून आलेली मुलं. रोपाचा रोग, बियाण्याची निवड, संकर या गोष्टी मोडक्यातोडक्या भाषेत समजावता येत नाहीत. शिवाय खानखोजे वर्गात थांबणारे नव्हतेच. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढण्याच्या चळवळीत ते पुढं होते. ओकोपुल्को गावातल्या अशाच एका शाळेला एमिलियानो झपाटा या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याचं नाव दिलेलं होतं, आणि तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी १९२८ मध्ये तिचे फोटो टिपले. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला नवा वाण पटवून द्यायचा, तर त्याच्याच बोलीत बोलावं लागतं. पुढं खानखोजे यांनी मक्याच्या नव्या वाणांवरची संशोधन पुस्तिकाही स्पॅनिशमध्येच लिहिली. ती १९३० साली चापिंगोतून निघाली. त्यांच्या आधी १९१७ मध्ये मेक्सिकोत पोहोचलेल्या क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांनी तर वर्षभरातच स्पॅनिशमधून भारताविषयी पुस्तक प्रसिद्ध केलं होतं.

भाषा कामाच्या हाताला धरून येते, हे परंड्याला कुणी वेगळं सांगायला नको. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू. जमिनीचा कागद वाचायचा, फिर्याद द्यायची, नोकरी धरायची, तर उर्दू यायलाच हवी. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी माणसांचं अक्षर उर्दूतही वळणदार होतं. आणि आज ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणारे आपल्या भागातले मजूर कामापुरती कन्नड शिकतात, ती फडात आणि बाजारात. त्यांच्या या शिक्षणाला आपण शिक्षण म्हणत नाही, हा आपला करंटेपणा आहे.

स्पॅनिश मराठी माणसाला अवघड जाते का? काही बाबतीत ती इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. आ, ए, इ, ओ, उ हे स्वर जवळपास जसे लिहितात तसेच म्हणतात. इंग्रज माणसाला जमवून घ्यावा लागणारा दंत्य ‘त’ आपल्या तोंडात जन्मापासून आहे. स्पेनमध्ये ‘जे’ हे अक्षर घशातून खरखरीत ‘ख’सारखं उच्चारतात. परंड्यात ज्यांच्या घरी दखनी उर्दू बोलतात, त्यांना तो आवाज शिकवावाच लागणार नाही.

व्याकरणात तर एके ठिकाणी थक्क व्हायला होतं. आपण म्हणतो, ‘मला मका आवडतो’. ‘आवडतो’ हे क्रियापद ‘मला’कडे पाहत नाही, मक्याकडे पाहतं. स्पॅनिशमध्ये तसंच आहे, ‘मे गुस्ता एल माईस’. भाकऱ्या अनेक असतील तर आपण ‘आवडतात’ म्हणतो आणि स्पॅनिश बोलणारेही ‘मे गुस्तान लास तोर्तियास’ म्हणतात. इंग्रजीच्या वाटेनं स्पॅनिश शिकणारे इथं महिनोन्‌महिने अडखळतात. दुसरं उदाहरण घ्या. ‘मी मका पाहतो’, पण ‘मी पेद्रोला पाहतो’. निर्जीव वस्तूला प्रत्यय नको आणि माणसाला ‘ला’ हवा. स्पॅनिशही हाच भेद पाळते. ‘वेओ एल माईस’ आणि ‘वेओ आ पेद्रो’, यातला छोटासा ‘आ’ आपल्या ‘ला’चंच काम करतो. म्हणून मराठी विद्यार्थ्यानं स्पॅनिशचं व्याकरण इंग्रजीतून घोकू नये. मराठी वाक्य शेजारी लिहून ताडून पाहावं.

अडचणीच्या जागाही आहेत. आपल्या एका ‘आहे’साठी तिथं ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. आंबा ‘एस वेर्दे’ म्हटलं तर तो रंगानंच हिरवा, ‘एस्ता वेर्दे’ म्हटलं तर अजून कच्चा. हा फरक नियम पाठ करून मुरत नाही. त्यासाठी बाजारात जाऊन फळं घ्यावी लागतात, भाव करावा लागतो, विकणारीनं दुरुस्त केलेलं वाक्य पुन्हा म्हणावं लागतं.

नेमकं हेच आज अनेकांकडून होत नाही. माद्रिद किंवा बार्सिलोनात नोकरीला गेलेला तरुण दिवसभर कंपनीत इंग्रजी बोलतो आणि संध्याकाळी आपल्याच माणसांत बसतो. काही वर्षं गेली तरी शेजारच्या आजीशी त्याचं बोलणं ‘ओला’ म्हणजे ‘नमस्कार’च्या पुढं जात नाही. यात नुकसान त्याचंच आहे. कायद्याच्या दृष्टीनंही ते परवडणारं नाही. भारतीय माणसाला स्पेनचं नागरिकत्व हवं असेल, तर साधारणपणे १० वर्षांचा कायदेशीर रहिवास लागतो, आणि २०१५ पासून स्पॅनिशच्या ‘देले’ परीक्षेची निदान ए-२ पातळी आणि त्या देशाच्या राज्यघटनेवरची व समाजजीवनावरची वेगळी परीक्षा, अशा दोन्ही उत्तीर्ण व्हाव्या लागतात.

खानखोजे यांना १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारनं शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावलं. पुढं ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथंच वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. वीणा गवाणकर यांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं आहे. परंड्याच्या प्रत्येक शाळेच्या आणि वाचनालयाच्या कपाटात ते असायला हवं.

जगातल्या सुमारे २० देशांची राजभाषा असलेली ही भाषा शिकायला मेक्सिकोचं तिकीट हातात पडायची वाट पाहू नका. नवी दिल्लीत स्पेन सरकारची सर्व्हांतेस संस्था आहे. तीच जगभर ‘देले’ परीक्षा घेते. पहिली पायरी ए-१ आहे आणि दहावी-बारावीच्या मुलांना ती झेपते. रेडिओ आणि मोबाइलवर स्पॅनिश बातम्या फुकट ऐकता येतात. तालुक्यातल्या ज्या मुलामुलींना परदेशी शेतीशास्त्र किंवा आणखी काही शिकायला जायचं आहे, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करावी.