मोठा सोडायचा, बारका ठेवायचा!

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की आई-वडील इकडे आले की त्यांना न्यायचं कुठं? मॉलला ते दोन दिवसांत कंटाळतात. मी अण्णांना मासे धरायला नेलं, जानेवारीच्या थंडीत. आणि तिथं आमचं चांगलंच वाजलं.

डॅलसहून पूर्वेला दीडेक तासावर लेक फोर्क आहे. नाव लेक, पण आहे धरणच. 1980 साली बांधून झालं, पाणी 27 हजार एकरांवर. बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत, त्यांच्याच आडोशाला मासे असतात. टेक्ससचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलोचा, 1992च्या जानेवारीत इथंच लागला. गंमत म्हणजे तो धरणारा बाससाठी आलाच नव्हता, क्रॅपीसाठी बसला होता.

आमचंही तसंच झालं. क्रॅपीच्या गळाला अण्णांना बास लागला. मोजला, 19 इंच. इथं 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही. अंडी घालणारे तगडे मासे टिकावेत म्हणून हा नियम. मी म्हणालो, "अण्णा, सोडावा लागेल."

"सोडू? अरे, उजनीवर रात्र-रात्र बसून दोन चिलापी मिळायच्या, त्यात घर जेवायचं. हातातला मासा फेकायचा?"

मग सात इंचांचा क्रॅपी आला. तो ते स्वतःच सोडायला निघाले, तर मी म्हणालो, "हा ठेवायचा." आता मात्र ते भडकलेच! "मोठा सोडायचा, पिल्लू ठेवायचं, हा कुठला न्याय?"

एरवी दहा इंचांच्या आतला क्रॅपी सोडावाच लागतो. पण डिसेंबर ते फेब्रुवारी क्रॅपी खोल पाण्यात असतो. एकदम वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी बहुतेक मरतोच. म्हणून तेव्हा नियम असा होता, की तीन महिने धरलेला प्रत्येक क्रॅपी ठेवायचा, 25 झाले की थांबायचं. बारके सोडून मोठे निवडत बसणं नाही. हे सांगितल्यावर अण्णा गप्प झाले. पटलं की रागावले, कळेना. आणि हो, पाहुण्यांनाही लायसन्स लागतं. मी एक दिवसाचं काढलं होतं.

दुपारी त्यांचा मूड सुधारला तो कॅटफिशमुळे. आपल्या शिंगाळ्याचा भाऊबंदच, मिशावाला. त्याला जमवायला इथले लोक आंबवलेली ज्वारी पाण्यात टाकतात. सोलापूरच्या माणसाला अजून काय पाहिजे! डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "मालदांडी नाय ही."

रात्री त्यांनीच क्रॅपींना हळद-मीठ लावलं, तळले. बासचं नाव काढलं नाही. झोपायला जाताना दारात थांबले.

"तो मोठा जगला असेल ना रे?"

"जगला असणार, अण्णा. लगेच सोडला होता."


पुढच्या भागात भेटू.