पडद्यावरचे अक्षर आणि कागदावरचे अक्षर

(लोअर परळ येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर मजकूर लिहिताना पडद्यावरचे अक्षर लहानमोठे कसे करावे, हा माझा आजचा विषय आहे. भाषणासाठी एवढा लहान विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण दाखल्यावरच्या नावात एक मात्रा जास्त पडली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे आपल्यापैकी अनेक पालक जाणतात. ती चुकीची मात्रा कागदावर उतरण्यापूर्वी पडद्यावर होतीच. फक्त ती कोणाच्या नजरेस पडली नाही. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

सर्वप्रथम एक भेद ध्यानात घ्या. अक्षराचा आकार निराळा आणि झूम निराळा. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. तुम्ही १२ पॉइंट निवडले तर कागदावर १२ पॉइंटच छापले जातील. झूम मात्र केवळ तुमच्या पाहण्याशी संबंधित आहे. वर्डमध्ये तो १० टक्क्यांपासून ५०० टक्क्यांपर्यंत नेता येतो. कागदावर त्याचा तिळमात्र परिणाम होत नाही.

आपल्या लोअर परळमधल्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. आज जेथे मॉल आणि संगणकाची कार्यालये आहेत, तेथे पूर्वी फिनिक्स, कमला अशा गिरण्या होत्या. कापडाच्या एका इंचात उभे-आडवे धागे किती आहेत, हे मोजायला गिरण्यांत एक लहानसे भिंग वापरीत. भिंगाखाली धागा सुतळीएवढा दिसे, पण त्यामुळे कापड काही जाड होत नसे. झूम म्हणजे ते भिंग, आणि अक्षराचा आकार म्हणजे प्रत्यक्ष सूत.

हा भेद न कळल्याने दोन प्रकारची फजिती होते. पडद्यावर नीट दिसत नाही म्हणून एखादा विद्यार्थी अक्षरच २० पॉइंटचे करतो आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. दुसरा विद्यार्थी झूम २०० टक्के ठेवून ८ पॉइंटचे अक्षर टंकित करतो. पडद्यावर ते टपोरे दिसते, पण कागद हाती येतो तेव्हा वाचणाऱ्याला तो डोळ्यांशी धरावा लागतो.

पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटावे, ही सोय तुलनेने अलीकडची आहे. खिळे जुळवण्याच्या काळात जुळाऱ्याला उलटी अक्षरे वाचावी लागत, आणि प्रूफ काढल्यावाचून पान कसे दिसेल हे कळत नसे. जावजी दादाजी यांचा मुंबईतला निर्णयसागर छापखाना सुबक आणि शुद्ध छपाईसाठी नावाजला गेला, त्यामागे खिळ्यांच्या घडणीइतकेच डोळ्यांत तेल घालून केलेले मुद्रितशोधनही होते. पुढे १९७४ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ हा लेखनाचा कार्यक्रम तयार केला. त्यात कागदावरचे रूप पडद्यावर आधीच पाहता येऊ लागले. हेच सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आले.

तरीही ‘१०० टक्के’ या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते. म्हणून एक पॉइंट म्हणजे बरोबर एक ठिपका. विंडोजने एका इंचास ९६ ठिपके असा हिशेब धरला. पण पडदे निरनिराळ्या मापांचे असतात. त्यामुळे तुमच्या यंत्रावर १०० टक्के म्हणजे कागदाएवढेच दिसेल, अशी खात्री नाही. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. पडद्यावरच्या पानाला पट्टी लावून पाहा, म्हणजे तुमच्या यंत्राचा खरा आकडा तुम्हांस कळेल.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. वर्डच्या खिडकीत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात उणे आणि अधिक या चिन्हांमध्ये एक सरकपट्टी असते. ती सरकवली की झूम बदलतो. कंट्रोलची कळ दाबून माउसचे चाक फिरवले तरी तेच होते. ‘व्ह्यू’ या भागात ‘पेज विड्थ’ आणि ‘वन पेज’ असे पर्याय आहेत. मजकूर लिहिताना ‘पेज विड्थ’ ठेवावे, म्हणजे ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागत नाही. लिहून झाल्यावर ‘वन पेज’ निवडून समास, सहीची जागा आणि एकंदर मांडणी पाहावी. शेवटी झूम २०० टक्के करून नावे, तारखा आणि आकडे एकेक करून तपासावेत. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबल्या की मोकळ्या जागांच्या व परिच्छेदांच्या खुणाही दिसू लागतात. नावामध्ये चुकून पडलेली जास्तीची जागा तेथे सापडते.

आपल्या लिपीला ही तपासणी विशेष आवश्यक आहे. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार ही शिरोरेघेच्या वर बसतात आणि उकार खाली. कुरेशी आणि कुरैशी, फातिमा आणि फातीमा यांतला फरक बारीक अक्षरात सहज निसटतो. उर्दू लिहिणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. जीम, चे, हे, खे या चार अक्षरांची बैठक एकच, फरक केवळ नुक्त्यांचा. आणि नस्तालीक वळणात शब्द तिरका उतरत असल्यामुळे लहान झूममध्ये नुक्ते एकमेकांत मिसळतात.

एक सावधगिरी सांगतो. छपाईच्या चौकटीत ‘स्केल’ असा पर्याय असतो. तो झूम नव्हे. तो बदलला तर कागदावरचे अक्षर खरोखरीच लहानमोठे होते. तेव्हा छापण्यापूर्वी त्यावर नजर टाकावी.

पालकांनो, आता थोडे आपल्याविषयी. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील भिंग ताठर होत जाते आणि जवळचे वाचणे कठीण होते. म्हणून तर आपण चष्म्यालाही चाळिशी म्हणतो. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही. तरी मुलगा पडदा पुढे करतो, वडील ‘ठीक आहे’ म्हणतात आणि न वाचलेल्या अर्जावर सही होते. त्याऐवजी ‘बाळ, जरा अक्षर मोठे कर’ एवढे म्हणावे. वर्डमध्ये ‘वेब लेआउट’ निवडून झूम वाढवला, तर ओळी खिडकीच्या रुंदीत आपोआप मोडतात आणि मोठे अक्षर सलग वाचता येते. मोबाइलवर वर्डमध्ये ‘मोबाइल व्ह्यू’ चालू करावा, आणि गूगल डॉक्समध्ये ‘प्रिंट लेआउट’ बंद करावा. परिणाम तसाच होतो. सगळ्याच गोष्टी बारीक दिसत असतील तर विंडोजच्या सेटिंगमध्ये, ‘डिस्प्ले’ या भागात, ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. छपाईच्या चौकटीतला ‘स्केल’ आणि हा ‘स्केल’ यांचे फक्त नाव सारखे आहे. याने पडदाच तेवढा बदलतो. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की भिंगही उघडते. विंडोज आणि एस्केप दाबले की ते मिटते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरातले पहिले संगणक जाणणारे असाल, तर घरच्यांचे डोळे तुमच्या हाती आहेत. आईवडिलांची सही मागण्यापूर्वी त्यांच्यासमोर पान मोठे करून ठेवा, आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचेपर्यंत थांबा. पाच मिनिटे जातील, पण पुढचे अनेक हेलपाटे वाचतील. ही सवय आजच लावून घ्या, एवढीच आपणां सर्वांस विनंती करून मी माझे भाषण संपवतो.