येळवशीची आंबिल आणि करड्याचे दूध
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवस्थानाच्या या व्यासपीठावर पुराणे, कीर्तनपरंपरा, कुळांचे इतिहास यांविषयी पुष्कळ ऐकावयास मिळते. आजचा विषय चुलीजवळचा आहे. तथापि देवाच्या नैवेद्याची वाट स्वयंपाकघरातूनच जात असल्यामुळे तो येथे अगदीच परका ठरू नये. मनुष्य गाव सोडतो, भाषा बदलतो, प्रसंगी पोशाखही टाकतो. परंतु बालपणी जिभेवर बसलेली चव मात्र त्यास साठाव्या वर्षीही सोडीत नाही. आणि ती चव ज्या पदार्थाची, तो पदार्थच पुढील पिढीने तत्त्व म्हणून नाकारला, तर घरात काय होते, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी कोकणपट्टी सोडून घाटावर, बिदरच्या बाजूस जावे लागेल.

बिदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या मागून आलेल्या हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला भाषावार रचना झाली. बिदर, गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि बिदरचेच उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले, गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, आणि पलीकडील तालुके १९८२ साली निघालेल्या लातूर जिल्ह्यात सामावले. रेषा नकाशावर पडली. ज्वारीच्या रानांत ती पडली नाही. भालकी, औराद, बसवकल्याण येथील घरांतून आजही मराठी बोलली जाते, सोयरिकी उदगीर-निलंग्याशी होतात आणि सण दोहों बाजूंना एकच असतो. त्या सणांतला मोठा सण म्हणजे वेळा अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस. कन्नडिग शेजारी तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. त्यांच्या भाषेत एळ्ळु म्हणजे तीळ.

मार्गशीर्षातील पौर्णिमेला दत्तजयंती होते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरास माणिकप्रभूंच्या दर्शनाला गेलेली माणसे परतून पंधरवडा होतो न होतो तोच ही अमावास्या येते. त्या दिवशी गावात कुत्रेही राहत नाही, असे थट्टेने म्हणतात. सारे घर रानात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करावयाची, आत पाच पांडवांचे दगड मांडून त्यांची पूजा करावयाची, आणि मग पिकावर नैवेद्य शिंपडीत, निम्मे कन्नड निम्मे मराठी घोष करीत शेताला फेरी घालावयाची. त्यानंतरची पंगत मात्र ज्याने एकदा अनुभवली त्याला कोठल्याही हॉटेलात समाधान मिळणे कठीण. भज्जी असते. तीत ओला हरभरा, तुरीचे व वालाचे दाणे, वाटाणा, शेंगदाणा, मेथी, चुका, गाजर, वांगे, चिंच, बेसन असे जे जे त्या महिन्यात रानात उभे असेल ते सर्व पडते. सोळा भाज्या म्हणतात. मोजावयास कोणी बसत नाही. ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगाची व तिळाची पोळी, खपली गव्हाची गुळाची खीर, आणि या सर्वांवर मातीच्या मडक्यातून ओतली जाणारी गार आंबिल. ज्वारीचे पीठ शिजवून निववावे, त्यात ताक, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून रात्रभर ठेवावे, ही तिची साधी रीत. डिसेंबरच्या उन्हात तिची आंबट गार धार घशाखाली उतरली म्हणजे सण उतरला.

आता अडचण. दूध, दही, तूप, मध यांपैकी काहीही न घेणारी मंडळी हल्ली घरोघर एखाददुसरी निघू लागली आहेत. त्यांना व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. आपल्याकडे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली अशा अन्नासाठी स्वतंत्र नियम केले, इतका हा प्रकार आता रुजला आहे. वडीलधाऱ्यांना हे शहरी खूळ वाटते. तसे ते नेहमीच असते असे नव्हे. वासरू कोठे गेले हा प्रश्न ज्याला खरोखर टोचतो, त्याला खुळा म्हणून प्रश्न मिटत नाही.

भालकी तालुक्यातील एका घरात हे असे घडले. बंगळूरला नोकरी करणारी नात येळवशीला गावी आली. खोपीत पाने मांडली गेली. तिने भज्जी घेतली, उंडा घेतला, शेंगाची पोळी तूप न लावता घेतली. आंबिलीची वाटी मात्र हलकेच बाजूस सारली. खिरीतही दूध होते. आज्जी ऐंशीच्या घरातली. ती एका शब्दाने बोलली नाही, परंतु तिनेही त्या दिवशी आंबिल घेतली नाही. चुलत्यांनी मुलीला दोन शब्द सुनावले. ते येथे सांगण्याजोगे नाहीत. सांजेला मडके अर्धे भरलेले परत आले. त्या घरात असे पूर्वी कधी झाले नव्हते म्हणतात.

पुढल्या वर्षी सणाच्या आठवडाभर आधी आज्जीनेच फोन करवला. “बाई, ताक चालत नाही म्हणतीस. करड्याचं दूध चालंल का?” मुलीला प्रथम काही उलगडेना. करडई म्हणजे तेलाची. तिचे दूध कसे?

ज्यांनी हे दूध पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे उचित होईल. करडई हे त्या पठाराचे जुने पीक. ज्वारीच्या रानाच्या कडेने तिचे काटेरी पाटे पेरीत, म्हणजे जनावर आत शिरत नसे. तिचा पांढरा टणक दाणा धुऊन पाण्यात भिजवितात, उखळात वा पाट्यावर पाणी घालघालून वाटतात आणि फडक्यातून पिळतात. दोनतीनदा असे केले की टरफल वर राहते व खाली दाट पांढरा रस येतो. उत्तर कर्नाटकात याच रसात शिजलेला गहू व गूळ घालून हुग्गी करतात. कन्नडमध्ये करडईला कुसुबी म्हणतात म्हणून ती कुसुबी हुग्गी. सीमेवरच्या मराठी घरांत ती करड्याच्या दुधाची खीर होते. गहू आधी मऊ शिजवावा, रस मागाहून घालावा आणि आच मंद ठेवून ढवळीत राहावे, नाहीतर रस फुटून त्याचे कण होतात. वेलदोडा, सुंठ, खसखस आवडीप्रमाणे. म्हणजे ज्याला आज बाजारात वनस्पतिजन्य दूध असे भारदस्त नाव व त्याहून भारदस्त किंमत आहे, ते त्या आज्जीच्या माहेरी उखळात होत असे, आणि त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते. दुभते नेहमीच असे नाही आणि करडई असे, एवढेच.

तेव्हा खिरीचा प्रश्न सुटला. आंबिलीचा सुटेना, कारण आंबिल गोड नव्हे, ती आंबटपणावर उभी आहे. येथे शब्दाकडेच पाहिले पाहिजे. आंबिल हा शब्द अम्ल यावरून आला. त्यात ताक नाही, आंबणे आहे. जैन मंडळींचे आयंबिल नावाचे व्रत प्रसिद्ध आहे, संस्कृतात त्यास आचाम्ल म्हणतात. त्या व्रतात दिवसातून एकवार, दूध, दही, तूप, तेल, गूळ वर्ज्य करून केवळ धान्य खावयाचे असते. नाव आंबटाचे आणि दूधदुभते निषिद्ध! बिदरकडच्या आंबिलीचे ताक हे मूळचे की मागाहूनचे, या वादात शिरण्याचे कारण नाही. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवले तर ते आपल्या आपण आंबते, कारण आंबविणारे सूक्ष्म जंतू धान्यावरच असतात. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. मार्गशीर्षाच्या थंडीत दीड-दोन दिवस चुलीच्या उबेस ठेवावे लागते. मग ते शिजवून निववावे. आंबटपणा मिळतो. मिळत नाही तो ताकाचा गुळगुळीतपणा.

त्यासाठी नातीने शेंगदाण्याचा मार्ग काढला. एक वाटी दाणे रात्रभर भिजवून साले काढावी, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळावे आणि कच्चा वास जाईपर्यंत ढवळीत उकळावे. कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीची आठदहा देठे घालून उबेस ठेवावे. देठांवरचे जंतू विरजणाचे काम करतात. पहिले दही पातळ व उग्र होते. ते खाण्यास न घेता त्याच्याच चमच्याने दुसरे लावावे, ते चांगले लागते. हे घुसळून आंबलेल्या ज्वारीत मिसळले. पहिला प्रयत्न फसला; दूध पुरते उकळले नव्हते आणि आंबिलीला कच्च्या दाण्याचा वास मारू लागला. ती जनावरांपुढे गेली. दुसरी साधली. आज्जीने घोट घेऊन जरा वेळ तोंडात धरला आणि म्हणाली, “आंबट बरोबर हाय. ताक न्हाई हे कळतंय. पण येळवशीची हाय.” यापेक्षा नेमके परीक्षण करणे कठीण आहे. नक्कल हुबेहूब झाली असे कोणी म्हणू नये. तसा दावा दुकानदारांनी करावा.

शेंगदाणा परंपरेत बसतो काय, असा आक्षेप चुलत्यांनी घेतलाच. त्यास उत्तर असे की शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. मिरची तर पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याच किनाऱ्यास लागली. ज्या भज्जीला परंपरा म्हणावयाचे तीतून ही दोन काढली तर उरते काय? म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पूर्वी शेंगदाण्याची प्रथिने काढून म्हशीच्या दुधात मिसळून मिल्टोन नावाचे पेयही सिद्ध केले होते. तेथे हेतू दुधाच्या टंचाईचा होता.

तुपाची कथा निराळी, आणि तिचा जुना दाखला महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. कलकत्त्याकडे गाईम्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराचे वर्णन त्यांच्या मनात घर करून होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचा आहार मुख्यतः वाटलेला शेंगदाणा व लिंबू हाच असे. पोट बिघडले होते. एका सणाच्या दिवशी काही न घेण्याचे त्यांनी ठरविले असता कस्तुरबांनी तुपाऐवजी तेल घालून गव्हाची गोड लापशी केली, सोबत मुगाचा वाडगा ठेवला. पतीचे व्रतही मोडू नये आणि सणाला उपाशीही राहू नये, ही त्या माउलीची धडपड. त्यांना मोह आवरला नाही, भरपूर खाल्ले आणि आव अशी जडली की जिवावर बेतले. पुढे १९१९ च्या आरंभी कस्तुरबांच्याच युक्तिवादाने ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताचे शब्द राहिले, आत्मा गेला, हे शल्य त्यांनी लपविले नाही. दोष तेलाचा नव्हता, दुखऱ्या पोटी अतिभोजनाचा होता. परंतु ज्या घरात अशी मुलेमुली आहेत, तेथे कस्तुरबांची लापशी आठवावी. आणि या मंडळींनीही एक लक्षात ठेवावे: ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते, आणि दुधातील चुन्याची भरपाई शेंगदाण्याने होत नाही, तिळाने बरीच होते. येळवशीला तिळाची पोळी असते, हे बरेच आहे.

गोमंतकीय घरांना यात नवल वाटू नये. मणगणे म्हणजे चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रोस. पातोळ्यांत तांदूळ, गूळ, खोबरे आणि हळदीचे पान. खतखत्यात तर दुधाचा संबंधच नाही. देवळाच्या समाराधनेला पिढ्यान्‌पिढ्या हे शिजले आणि कोणी त्याला नवे नाव दिले नाही. बिदरला ओला नारळ पिकत नाही म्हणून ताक. येथे तो दारात आहे म्हणून रोस. घाटावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी सुके खोबरे गरम पाण्यात भिजवून, थोड्या खसखशीबरोबर वाटून पाहावे. ओल्या रोसाची सर येत नाही, पण खीर निभावते.

राहिला देवाचा प्रश्न. पंचामृतातील दूध, दही, तूप, मध या चारही वस्तू अशा व्यक्तीला अग्राह्य. ते बदलावे असे येथे सुचवावयाचे नाही. षोडशोपचार हा कोणा एकाच्या पथ्याचा विषय नव्हे. तीर्थ म्हणून साधे पाणी व तुळशीपत्र देण्यास मात्र कोणते शास्त्र आड येते, ते पुजाऱ्यांनी सांगावे. प्रसाद नाकारला म्हणून तरुण माणसाला सर्वांदेखत बोलणे आणि प्रसाद घेत नाही म्हणून दुसऱ्याला हिणविणे, ही दोन्ही देवळाच्या पायरीबाहेर ठेवण्याजोगी आहेत.

भालकीच्या त्या घरात गेल्या खेपेस दोन मडकी रानात गेली. पांडवांपुढे ताकाची आंबिल ठेवली, पंगतीत दोन्ही फिरल्या, आणि कोणती आधी संपली यावरून मुलांत भांडण झाले. नातीने खोपीशेजारी चूल पेटविली. सायंकाळी तिच्यावर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवितात. ते कोणत्या दिशेला उतू गेले त्यावरून पुढील सालचे पीक वर्तवितात. चुलते म्हणाले, हे तरी गाईचेच हवे. आज्जी म्हणाली, करड्याचं उतू जातं का बघू. त्यावर अद्याप एकमत झालेले नाही.