खिशातला गूळ



‘तू प्रयोगशाळेत नक्की करतोस तरी काय?’ असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर आपल्या वर्गातूनच सुरू होतं.

आपला एक मित्र रोज सकाळी इन्सुलिन टोचून शाळेत यायचा. घरी फ्रिज नव्हता. औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात असायची. खिशात गुळाचा खडा. ‘हा तासाला खातो’ अशी तक्रार मीच केली होती. गूळ काढून घेतला गेला आणि पुढच्या तासाला तो घामाघूम होऊन बाकावरून कोसळला. रक्तातली साखर चढली तर शरीर हळूहळू झिजतं, पण फार उतरली तर थोड्याच वेळात शुद्ध हरपते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

टोचलेल्या इन्सुलिनला साखर किती आहे हे कळत नाही; ते आपलं काम करत राहतं. ते कळेल असा पदार्थ बनवायचा, एवढीच आमची धडपड.

साबणाचा धडा आठवतो? रेणूच्या एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला नाही. म्हणून ते रेणू पाण्यात आपणहून गोळा होतात. तसेच काही रेणू आपोआप धाग्यांसारखे जुळतात आणि त्यांची जेल बनते. तिच्यात इन्सुलिन कोंडायचं आणि फिनाइलबोरॉनिक आम्लाचे गट जोडायचे. हे गट ग्लुकोजला धरतात आणि सोडतातही. साखर वाढली की जेलवरचा विद्युतभार वाढतो, ती पाणी शोषून फुगते आणि इन्सुलिन झिरपू लागतं. साखर उतरली की जेल पुन्हा आवळते.

साखरेच्या प्रमाणात इन्सुलिन सोडण्याची कल्पना ब्राउनली आणि सेरामी यांनी 1979 मध्येच मांडली होती. मग इतकी वर्षं का लागतात? दार उघडणं जमतं, वेळेवर मिटणं अवघड. शिवाय हे आम्ल ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजला जास्त घट्ट धरतं. दार मिटायला उशीर झाला, तर त्या दिवशी वर्गात झालं तेच होणार. म्हणून अशी जेल अजून औषधाच्या दुकानात मिळत नाही, आणि आम्हीही घाई करत नाही.

तोवर एक विनंती. आता आपल्यातले कितीतरी जण इन्सुलिन घेतात. कुणी थरथरू लागला, घामेजला, तर शुद्धीत असताना लगेच साखर द्या. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नका. तातडीने दवाखाना गाठा.

तो मित्र इथे समोरच बसला आहे. मघाशी चहाच्या वेळी मी त्याची माफी मागितली. त्याने खिशातून गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाला, ‘तुझी जेल येईपर्यंत हाच!’